लिंबाचा चंद्र

मैत्रिणींनो, पंधरा ते आठ ठिपक्यांची रांगोळी काढताना तुम्ही कधी स्वतःकडे नीट पाहिलंय? ठिपके अजून जोडायचे असतात, पण कमळाची शेवटची पाकळी कुठे येणार ते आधीच दिसत असतं. ब्लाउज बेततानाही तेच. कापड दुमडून कापायचं आणि उलगडल्यावर दोन्ही बाजू सारख्या! आपण म्हणतो, सवयीनं जमतं. पण हाही विचारच आहे, फक्त तो शब्दांत न चालता चित्रांत चालतो. आणि या चित्रांतल्या विचारावर वर्षानुवर्षं संशोधन केलेली एक बाई आमच्या शेजारी, खाडीपलीकडे होती. डॉ. जयश्री रामदास.

आमच्या शिरवण्याहून जुईनगर स्टेशनवर यायचं, लोकल पकडायची. सानपाडा, वाशी, मग खाडीवरचा पूल आणि मानखुर्द. तिथे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९७४ साली ते सुरू केलं, तेव्हा जागा होती नाना चौकातल्या महापालिका शाळेत. प्रा. वि. गो. कुलकर्णी तेव्हाचे प्रमुख. पालिका शाळेतली मुलं विज्ञानात अडतात ती बऱ्याचदा विज्ञानामुळे नव्हे तर पुस्तकी भाषेमुळे, हे त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. रामदासबाई मूळच्या भौतिकशास्त्राच्या. पण त्यांचं लक्ष वेधलं ते मुलांच्या डोक्यात काय चाललंय याकडे.

योगायोग बघा, त्याच १९७४ साली इंग्लंडमध्ये अ‍ॅलन बॅडली आणि ग्रॅहम हिच या मानसशास्त्रज्ञांनी स्मरणशक्तीबद्दल एक नवी मांडणी केली. काम करताना लागणारी आपली तात्पुरती आठवण म्हणजे एकच डबा नाही, असं त्यांचं म्हणणं. एका कप्प्यात आवाज आणि शब्द राहतात. कुणी फोन नंबर सांगितला की लिहीपर्यंत आपण पुटपुटत बसतो ना, तो हा कप्पा. दुसरा कप्पा चित्रांचा, म्हणजे मनातली पाटीच म्हणा. दोन्ही कप्पे लहान, लक्ष मात्र एकच, आणि ते दोन्हीकडे वाटून द्यावं लागतं. म्हणून तर फोनवर बोलता बोलता दूध उतू जातं.

आता शाळेचा विचार करा. आपल्याकडे सगळा भार शब्दांच्या कप्प्यावर. पाठ करा, म्हणून दाखवा, लिहा. चित्राची पाटी कोरीच. आकृती असते, पण ती पुस्तकातून उतरवायची, नावं द्यायची आणि सुबकतेचे मार्क घ्यायचे. समजण्यासाठी चित्र काढायचं, हे कुणी सांगतच नाही.

रामदासबाईंनी नेमकं हेच धरलं. ऐंशीच्या दशकात लीड्स विद्यापीठात त्यांनी शाळकरी मुलांच्या प्रकाशाबद्दलच्या कल्पनांवर काम केलं. मानखुर्दला त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी मुलांकडून पोटातल्या पचनसंस्थेची चित्रं काढून घेतली, त्यासोबत लिहूनही घेतलं. घास तोंडातून पुढे कुठे जातो, कसा बदलतो, हे मुलं काय समजतात ते त्या चित्रांतून तपासलं. कॉलेजच्या मुलांना डीएनएची रचना समजावी म्हणून शिडीची उपमा आणि हातवारे वापरून पाहिले. २००९ साली विज्ञान शिक्षणाच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाचा खास अंक या चित्रविचारावर निघाला, त्याच्या अतिथी संपादक रामदासबाईच होत्या. पुढे त्या केंद्राच्या संचालकही झाल्या. पण मला विचाराल तर त्यांचं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी केलेली विज्ञानाची पुस्तकं. बघा, करा, काढा, बोला, असा त्यांचा सगळा रोख. ती मराठीतही आली.

आम्ही काहीजणी इथे संध्याकाळी वस्तीतल्या मुलांची अभ्यासिका चालवतो. तिथे एक आठवीतली मुलगी येते. आई चार घरची धुणीभांडी करते. चंद्राच्या कलांचा परिच्छेद पोरीनं घडाघडा म्हणून दाखवला, एक शब्द चुकला नाही. मग विचारलं, "बरं, चंद्र अर्धा का दिसतो गं?" तर म्हणाली, "पृथ्वीची सावली पडते ना त्याच्यावर." चाचणीत मार्क कमी पडले होतेच. आई म्हणत होती, "ताई, हिच्या डोक्यात जात नाही. यंदा नापास झाली तर कामाला नेते माझ्यासंगं." या "डोक्यात जात नाही"पायी किती मुलींच्या शाळा सुटतात, हे आपल्यापैकी कुणालाच नवीन नाही.

रामदासबाईंच्या विद्यार्थिनी शमीन पाडळकर यांनी खगोलशास्त्र शिकवण्यावरच पीएच.डी. केली. महाराष्ट्रातल्या आदिवासी, ग्रामीण आणि शहरी झोपडवस्तीतल्या शाळांत त्या दोघींनी हे काम केलं, त्यांचा लेख २०११ साली छापून आला. त्यांचं म्हणणं असं की हातात धरायची वस्तू आणि कागदावरची आकृती यांच्यामध्ये एक पूल लागतो, आणि तो पूल म्हणजे आपलं शरीर. हातवारे करायचे, स्वतः गोल फिरायचं.

तुम्हीही करून बघा. खोलीत अंधार करून एकच दिवा लावा. तो सूर्य. तुमचं डोकं म्हणजे पृथ्वी. हात लांब करून डोक्याच्या थोडं वर लिंबू धरा. दिव्याकडे तोंड केलंत तर लिंबाची काळी बाजू दिसेल, ती अमावास्या. आता डावीकडे हळूहळू वळा. पाव फेरीवर अर्धं लिंबू उजळलेलं, ती अष्टमी. दिव्याकडे पाठ झाली की पूर्ण लिंबू लख्ख, ती पौर्णिमा. लिंबाचा अर्धा भाग सतत उजेडातच असतो, त्यातला किती आपल्या वाट्याला येतो तेवढंच बदलतं. हात खाली घेतलात आणि तुमच्या डोक्याची सावली लिंबावर पडली तर ते ग्रहण. पृथ्वीच्या सावलीचा संबंध फक्त तिथे!

आमच्या पोरीनं दोनदा गिरकी घेतली, तिसऱ्यांदा मध्येच थांबली. म्हणाली, "म्हणून संकष्टीला चंद्र उशिरा येतो का?" मी गप्पच झाले. हे मी शिकवलं नव्हतं. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या समोर, म्हणून सूर्य मावळताना उगवतो. मग रोज तो थोडा पुढे सरकतो आणि साधारण पन्नास मिनिटं उशीर करतो. चतुर्थीपर्यंत रात्रीचे नऊ वाजतात आणि आपण ताट झाकून गच्चीवर उभ्या! तिची आई दर महिन्याला हा उपास करते. त्या रात्री आईला बसवून, पोरीनं लिंबू हातात घेऊन सगळं समजावलं म्हणे. आईनं मला दुसऱ्या दिवशी विचारलं, "ताई, दहावीला किती खर्च येतो?"

वार्षिक परीक्षा अजून व्हायची आहे. गणितात ती कच्चीच आहे, तिथे लिंबू चालत नाही. तिथे काय करता येईल, ते शोधतोय.

तुमच्या गावात अशी अभ्यासिका असेल तर एक दिवा आणि एक लिंबू पुरतं. मुंबईच्या आसपास राहत असाल तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास मुलांना मानखुर्दला घेऊन जा. जाण्याआधी केंद्रात फोन करून चौकशी मात्र करा.