मनी वाळली कशानं?

आमच्या मागच्या अंगणात गेली चार वर्षं एक मनी येते. पाळलेली नाही, हात लावू देत नाही. पण सकाळी सातला पायरीवर हजर! दिवाळीनंतर ती वाळत चालल्याचं लक्षात आलं. लांबूनही बरगड्या मोजता याव्यात, इतकी. ‘म्हातारी झाली असेल,’ शेजारच्या वहिनी म्हणाल्या. आदल्या वर्षी एका बोक्याबद्दल मीही असंच म्हटलं होतं. एक दिवस तो आलाच नाही. आता मात्र थांबायचं नाही, असं ठरवलं.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना म्हणजे गाई-म्हशींचा, अशी माझी समजूत. पण तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, ‘‘घेऊन या की! तोवर ती कशी खाते, ते नीट बघा.’’

मैत्रिणींनो, हे बघणंच महत्त्वाचं. भरपूर खाऊनही मांजर वाळत असेल, तर जंत, मधुमेह किंवा उतारवयात थायरॉइडचा विकार असू शकतो. पाणी फार पीत असेल, तर मूत्रपिंडं किंवा मधुमेह तपासतात. भुकेनं ताटलीशी येऊन घास टाकून देत असेल, तर दुखणं तोंडात असू शकतं. आमची मनी नेमकं हेच करत होती!

आता तिला पकडायचं कसं? ओळखीतून पिंजरा मिळवला. तीन दिवस दार उघडंच बांधून ठेवलं आणि आत उकडलेली मासळी ठेवली. चौथ्या दिवशी ती आत गेल्यावर दार लावलं, वरून जुनी चादर टाकली. अंधार होताच ती शांत झाली.

तालुक्याहून आम्हाला जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात पाठवलं. तिथे भूल देऊन तोंड तपासलं. हिरड्या सुजलेल्या, दोन दाढा खिळखिळ्या. दाढा काढल्या, जंताचं औषध दिलं, रेबीजची लसही टोचली.

काही गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासारखी असते, अर्धीसुद्धा देऊ नका. मोठ्या मांजराला दुधानं जुलाब होऊ शकतात. दिवसभरात मांजरानं काहीच खाल्लं नाही, तर वाट बघू नका. उपाशी मांजराचं यकृत बिघडतं. चावलं-ओरबाडलं, तर जखम पंधरा मिनिटं साबणपाण्यानं धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा.

परवा मनीनं ताटली चाटूनपुसून साफ केली. मी जवळ गेले, तर माझ्यावरच फिस्कारली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!