लंबपाद : कोळ्यासारखा दिसणारा, परंतु कोळी नव्हे असा एक प्राणी

गेल्या श्रावणात खारघरच्या टेकडीखाली वरकस जमिनीत शिराळी व काकडी यांचे मांडव घालणारे आमचे एक सभासद काचेच्या बरणीत चार-पाच प्राणी घेऊन आमच्याकडे आले. मांडवालगतच्या ओल्या गडग्यावर ह्या प्राण्यांचा एवढा थवा बसला होता की, दगड दिसेनासा झाला होता. आणि हात जवळ नेताच तो सारा थवा एकदम खालीवर झुलू लागला. हे विषारी कोळी असावेत अशा समजुतीने त्यांनी गडग्यावर कीटकनाशक फवारले आणि जे वाचले ते बरणीत घालून आणले. "ह्यांच्यापासून पोराबाळांना धोका नाही ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता. बरणीतील एकही प्राणी कोळी नव्हता, व विष तर त्यांपैकी कोणातच नव्हते.

ह्या प्राण्यास इंग्रज लोक 'हार्वेस्टमन', म्हणजे सुगीचा माणूस, म्हणतात. कारण त्यांच्या देशात सुगीच्या दिवसांत तो शेतात पुष्कळ दिसतो. लिनियसने १७५८ साली युरोपातील सर्वपरिचित जातीस 'फॅलँजियम ओपिलिओ' हे नाव दिले. लॅटिन भाषेत ओपिलिओ म्हणजे मेंढपाळ. कळपावर दूरवर नजर ठेवण्यासाठी काठ्यांच्या उंच पायांवर चालणारे मेंढपाळ त्या नावामागे असावेत असे सांगतात. आपण ह्या लेखापुरते त्यास 'लंबपाद' म्हणू. 'कोळी' हा शब्द मात्र त्यास लावू नये, कारण घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे.

दोहोंतील भेद साध्या डोळ्यांनी ओळखता येतो. कोळ्याची कंबर बारीक असते व तिच्यामुळे शरीराचे दोन भाग उघड दिसतात. लंबपादाचे शरीर एकसंध, वाटाण्यासारखे किंवा त्याहून लहान असते. कोळ्यास बहुधा आठ डोळे असतात. लंबपादाच्या पाठीवर मध्यभागी एक उंचवटा असून त्याच्या दोन बाजूंस दोन डोळे असतात. त्यास रेशीम काढता येत नाही, सबब त्याचे जाळे नसते. कोळी भक्ष्याचा रस करून तो शोषतो, तर लंबपाद बारीक घास तोडून खातो. स्वसंरक्षणासाठी त्याच्यापाशी उग्र वासाचा स्राव असतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर तो पाय टाकून पळतो. तुटलेला पाय काही वेळ तडफडत राहतो व शत्रूचे लक्ष त्याकडे गुंतते. पायांची दुसरी जोडी सर्वांत लांब असून ती चालण्यापेक्षा चाचपडण्याच्या कामी अधिक येते. घराच्या आढ्याला विरळ जाळे करून लोंबणारा लांब पायांचा प्राणी मात्र खरा कोळी आहे. इंग्रजीत त्या दोघांस एकच टोपणनाव असल्याने लंबपादाच्या विषाची खोटी कथा जगभर पसरली आहे.

प्राणिशास्त्रात कोळी, विंचू, गोचीड व लंबपाद हे एकाच वर्गात येतात, परंतु लंबपादांचा गण स्वतंत्र आहे. त्यास 'ओपिलिओनीज' म्हणतात. वर्गातील त्याचे सर्वांत जवळचे नातलग कोण, ह्याविषयी पंडितांत अद्याप एकमत नाही. गण मात्र फार प्राचीन. स्कॉटलंडात ऱ्हायनी येथे सुमारे ४१ कोटी वर्षांपूर्वीच्या दगडात त्याचे नर व मादी दोन्ही सापडले आहेत, आणि आजच्या लंबपादांपासून ते फारसे निराळे नाहीत.

आज ह्या गणात साडेसहा हजारांहून अधिक जाती ज्ञात असून त्यांचे चार उपगण करितात. त्यांतील सर्वांत मोठा लॅनिॲटोरीज. ह्यात चार हजारांहून अधिक जाती असून त्या मुख्यत्वे उष्ण कटिबंधात राहतात. त्यांचे पुढील स्पर्शक काटेरी व पकड घेणारे असतात. दक्षिण अमेरिकेतील गोनिलेप्टिडी हे मोठे कुल ह्यातलेच. आपल्याकडील असामिइडी कुलाचे नाव आसामावरून पडले असले तरी त्याचे भाऊबंद आफ्रिका व ऑस्ट्रेलियापर्यंत पसरले आहेत. दुसरा उपगण युप्नोई. बरणीतील लांबसडक पायांचे प्राणी ह्यातलेच, व युरोपातील फॅलँजियमही ह्यातलाच. हिंदुस्थानात व आग्नेय आशियात विपुल असलेला 'गॅग्रेला' हा वंश स्टोलिच्का ह्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८६९ साली स्थापिला. तिसरा उपगण डिस्प्नोई हा केवळ उत्तर गोलार्धाचा असे पुष्कळ काळ मानीत. २०१५ साली दक्षिण गोलार्धातील एक कुल अनुवंशिक पुराव्यावरून युप्नोईमधून काढून ह्यात घालण्यात आले, व ती समजूत मागे पडली.

ही अदलाबदल वाचून कोणी हसेल. परंतु वर्गीकरण म्हणजे जमिनीच्या दप्तरासारखेच आहे. पाहणी सुधारली की नोंद बदलावी लागते. रोएवर ह्या जर्मन पंडिताने १९२३ साली जगातील लंबपादांचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. पायाच्या अग्राचे सांधे व पाठीवरील काटे मोजून त्याने वंशांचे इतके तुकडे पाडले की, पुढील पिढ्यांना तुकडेजोडीचे काम करीत बसावे लागले आहे. तरीही त्याच्या ग्रंथावाचून कोणाचे चालत नाही.

चौथा उपगण सायफोफ्थाल्मी हा आमच्या मते सर्वांत नवलाचा. हे प्राणी दोन-तीन मिलिमीटरांचे, आखूड पायांचे, गोचिडीच्या पिलासारखे दिसणारे असून कुजलेल्या पाल्यात राहतात. त्यांना उडता येत नाही, जाळ्याच्या धाग्यावर तरंगता येत नाही, आणि कोरडी हवा सोसत नाही. म्हणून समुद्र ओलांडणे त्यांना जवळजवळ अशक्य. असे असूनही श्रीलंकेतील पेटॅलस वंशाचे सगोत्र मादागास्कर, दक्षिण आफ्रिका, चिली, ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथे आहेत. ह्याचा उलगडा एकच : हे देश पूर्वी गोंडवन ह्या एकाच भूखंडाचे भाग होते. प्राणी जागचे हलले नाहीत, त्यांच्या पायांखालची जमीन गेली. ईशान्य भारतातील वाण मात्र निराळे आहे. पुणे येथील भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या केंद्रात काम केलेले बस्तवडे आणि त्यांचे सहकारी जिरिबेट व शर्मा ह्यांनी २००७ साली तेथील एक नवा वंश वर्णिला व त्यास 'मेघालय' हेच नाव दिले; जातीचे नाव संस्थेचे पहिले संचालक ॲनन्डेल ह्यांच्यावरून ठेविले. त्याचे कुल श्रीलंकेतील नव्हे, तर आग्नेय आशियातील आहे.

शेतकऱ्यास ह्याचा उपयोग काय, हा प्रश्न योग्य आहे. फॅलँजियम हा मावा, फुलपाखरांची व पतंगांची अंडी आणि लहान अळ्या खातो. अमेरिकेत सोयाबीन व बटाटा ह्या पिकांत त्याची ह्या दृष्टीने पाहणी झाली आहे. अधिक बोलका दाखला इंग्लंडचा. १९६० नंतरच्या दशकात डेम्पस्टर ह्यांनी कोबीवरील पांढऱ्या फुलपाखराचा अभ्यास केला. त्याच्या लहान अळ्या खाणारांत हा लंबपाद व जमिनीवर हिंडणारा एक भुंगेरा हे प्रमुख ठरले. डी. डी. टी. फवारल्यावर अळ्या प्रथम मेल्या. परंतु कोबीस नवी पाने फुटली ती विषरहित होती, आणि विष उरले मातीत, जेथे हे भक्षक फिरत. पुढे अळ्या फवारणी न केलेल्या शेतापेक्षा अधिक झाल्या.

कोकणातील भाताच्या उभ्या पाण्यात लंबपादाकडून अशी अपेक्षा धरू नये. तेथे तुडतुडे खाण्याचे काम कोळी करितात, व त्यांनाही शेतकऱ्याने जपले पाहिजे. लंबपादाचे ठिकाण म्हणजे सावली, ओल व पाला : बांधावरचे झाड, गडगा, ओढ्याकाठचा कातळ. नवी मुंबईच्या परिसरात नेमक्या ह्याच जागा कमी झाल्या आहेत. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण ह्या भागांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी निश्चित झाल्या. खाजण, मिठागरे व भातशेती ह्यांवर वसाहती उभ्या राहिल्या. शहर झाले ह्याबद्दल आमची तक्रार नाही. आमच्यांतील कित्येकांची मुले तेथेच नोकरी करितात. परंतु पक्षी उडून दुसरीकडे जातो, तसे ह्या प्राण्यास करता येत नाही. पारसिक व खारघर येथील डोंगरउतार, कर्नाळ्याचे रान आणि मधले उरलेले मळे एवढाच त्याचा आसरा आहे, व त्यांतही एखादा गडगा सिमेंटने लिंपला की तेवढ्यापुरता तो संपतो.

आमच्या सभासदांनी बरणीतील जिवंत प्राणी परत नेऊन गडग्यावर सोडले. मेलेल्यांपैकी दोन आम्ही मद्यार्कात ठेविले आहेत. ज्यांस पाहावयाचे असतील त्यांनी रविवारी सकाळी यावे. पंधरा दिवसांनी आम्ही स्वतः तो गडगा पाहावयास गेलो. थवा पूर्वीएवढा नव्हता. फवारणी न पोहोचलेल्या खालच्या बाजूस मोजून सतरा दिसले. त्यांतील एकास पाचच पाय होते, व तो पाच पायांवरही इतरांबरोबर झुलत होता.