सशाची शस्त्रक्रिया आणि त्याचें पोट

आजारी माणसानें लंघन करावें, मग पेज घ्यावी, मग मऊ भात, ही चढती पायरी आपल्या घरांतील वडील मंडळींनीं आपणांस शिकविली आहे. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीपासून कांहीं खाऊं नये, हें तर इस्पितळांतून बजावूनच सांगतात. माणसाच्या बाबतींत ही रीत ठीक; परंतु ती ज्याच्या जिवावर बेतते असा एक प्राणी आज पनवेलच्या कित्येक बिऱ्हाडांत, तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरील सज्ज्यांत, सुखानें नांदत आहे. तो प्राणी म्हणजे ससा.

हा ससा आपल्या माळावरचा रानससा नव्हे. रानसशाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें संरक्षण आहे व तो घरीं ठेवणें हा गुन्हा होय. पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडील. पण गवतावर जगणारें पोट दोघांचेंहि, आणि आजचा विषय तें पोटच आहे.

सशाचें पोट ही अहोरात्र चालणारी गिरणी आहे. लहान व मोठें आंतडें जेथें मिळतें तेथें एक मोठी पिशवी असते. तिला अंधांत्र म्हणतात. गवतांतील जाड तंतू भरभर पुढें सरकून कोरड्या, गोल लेंड्यांच्या रूपानें बाहेर पडतात. बारीक अंश मात्र मागें वळून या पिशवींत जातो आणि तेथील कोट्यवधि सूक्ष्म जंतू त्याला आंबवून त्यांतून पोषक द्रव्यें व जीवनसत्त्वें तयार करतात. हा आंबलेला भाग द्राक्षांच्या घोसासारख्या मऊ, चकचकीत लेंड्या होऊन बहुधा रात्रीं किंवा पहांटे बाहेर येतो, आणि ससा तेथल्या तेथें तोंड लावून तो गिळतो. पाहणाऱ्यास किळस येते. सशाची ती दुसरी पंगत असते.

या गिरणींत दाणा पडला नाहीं तर ती नुसती थांबत नाहीं, बिघडते. आंतड्याची गति मंदावते, आंतील अन्न सुकून घट्ट होतें, जंतूंचा समतोल ढळतो, वायु धरतो. वायूनें पोट दुखतें आणि दुखण्यामुळें ससा उरलेलें खाणेंहि सोडतो. उपासानें शरीरांतील चरबी यकृतांत सांचूं लागते. लठ्ठ सशाला हा धोका अधिक. टांके उत्तम पडले, जखम कोरडी आहे, आणि तरीहि ससा हातचा गेला, असें होतें तें यामुळें.

आतां शस्त्रक्रिया करावीच कशाला, असें कोणी म्हणेल. मादीला वयपरत्वें गर्भाशयाचा कर्करोग होण्याचें प्रमाण फार मोठें आहे. म्हणून तरुणपणींच गर्भाशय काढून टाकण्याचा सल्ला पशुवैद्य देतात. मात्र सशाला भूल देण्याचा सराव असलेला पशुवैद्य शोधावा. मुंबईंत परळ येथें पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालापासून आहे. पनवेलहून हार्बरच्या गाडीनें शिवडीस उतरून, अथवा २०२४ सालीं खुला झालेल्या अटल सेतूवरून, तिकडे जातां येतें. कोठेंहि जा, पेटींत मूठभर सुकें गवत आणि घरची कोथिंबीर बरोबर असूं द्या. ‘उपाशी आणा’ असें कोणी सांगितलें, तर ती सूचना सशासाठींच आहे ना, हें नम्रपणें पुन्हा विचारा. सशाला वांति होत नाहीं. त्यामुळें माणसाला ज्या भीतीनें उपाशी ठेवतात ती भीति येथें नाहीं. तोंडांत घास राहूं नये म्हणून तास-दोन तास अन्न काढून घेतात, एवढेंच.

घरीं आणल्यावर त्याला ऊब हवी. पनवेलच्या पावसांत जमीन ओलसर गार असते. जाड कापडांत गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली शेजारीं ठेवावी, पण त्याला तिच्यापासून दूर सरकतां येईल अशी. उन्हाळा असेल तर उलट पंख्याची सोय पाहावी. दुसरी गोष्ट वेदना. ससा ओरडत नाहीं. शिकार होणाऱ्या प्राण्याला दुखणें लपवावें लागतें. तो अंग आखडून बसतो, डोळे अर्धे मिटतो, दांत करकर वाजवितो. वेदनेनें आंतडें थांबतें, म्हणून वैद्यानें दिलेलें वेदनाशामक हें पोटाचेंहि औषध समजावें आणि ‘आतां बरा दिसतो’ म्हणून मध्येंच बंद करूं नये.

अन्नांत पहिला मान सुक्या गवताचा. भाताचा पेंढा आपल्याकडे मुबलक, पण त्यांत पोषण कमी. लसूणघास मोठ्या सशाला नित्य देण्याजोगा नाहीं. त्यांत चुना फार. गणेशोत्सवांत जुड्या बांधून विकतात ती दूर्वा, म्हणजेच हरळी, सशाला फार आवडते. मात्र रस्त्याकडेची नको, आणि धुऊन निथळलेली हवी. पावसाळ्यांत गवताच्या पिशवीला बुरशी लागते. कुबट वास येतांच ती फेकावी, दोनशें रुपयांकडे पाहूं नये. कोथिंबीर, पुदिना यांच्या वासानें रुसलेली भूक परत येते. पाणी बाटलीच्या नळींतून नव्हे, पसरट वाडग्यांत ठेवावें. चित्रांतल्या सशाच्या हातीं गाजर असतें खरें, पण गाजरांत साखर; या दिवसांत केळें, दूधभात, पोळी, बिस्कीट हीं मायेचीं खाणीं वर्ज्य. घरांतील कपाटांत उरलेलें ॲमॉक्सिसिलीन तर चुकूनहि तोंडावाटे देऊं नये. तें अंधांत्रांतले उपकारक जंतू मारतें आणि सशाचा प्राण घेऊं शकतें.

त्यानें आपण होऊन खाल्लें नाहीं तर वैद्याच्या सल्ल्यानें तंतुमय पिठाचा पातळ लगदा बिनसुईच्या सिरिंजनें भरवावा लागतो. सामान्यतः दर किलो वजनास दिवसाकाठीं सुमारें ५० मिलीलिटर, चार-पांच वेळां विभागून. त्याला उताणें धरूं नये. पुढचे दांत व दाढा यांच्यामधील मोकळ्या जागेंतून बाजूनें थोडें थोडें सोडावें आणि गिळल्यावरच पुढचें. पोट ढोलासारखें ताणलेलें किंवा अंग गार लागलें तर भरवूं नये. तेव्हां आंतडें तुंबलेलें असूं शकतें, वैद्याकडेच धांवावें.

लेंड्या मोजाव्या. हें काम घरांतील शाळकरी मुलें फार निष्ठेनें करतात. पहिल्या दिवशीं त्या लहान व थोड्या असतात. त्यांचें हळूहळू मोठें होणें हीच सुधारणा. बारा तास लेंडी नाहीं किंवा घास नाहीं, तर सकाळची वाट पाहूं नये. रात्रीं कोणता वैद्य भेटेल हें शस्त्रक्रियेपूर्वींच विचारून ठेवलेलें असावें.

एक शेवटची गोष्ट. टांके कुरतडूं नयेत म्हणून गळ्याभोंवतीं शंकूसारखा पट्टा घालतात. तो असतांना तोंड मागें पोंचत नाहीं आणि पहांटेची ती दुसरी पंगत चुकते. शक्य तेथें वैद्याला विचारून मऊ पट्टा अथवा अंगावर कापड बांधण्याची तोड काढावी. पट्टा अपरिहार्यच असेल तर पहांटे उठून त्या मऊ लेंड्या बशींत घेऊन त्याच्या तोंडाशीं धराव्या. बहुधा तो खातो.