काम एकदा, उपयोग अनेकदा

संगणक येण्याआधी तालुक्याच्या गावातल्या छापखान्यात एक काम कधी चुकत नसे. छापून झालेल्या मजकुराची जुळणी सोडवायची आणि शिशाचे खिळे ज्याच्या त्याच्या घरात परत टाकायचे. लग्नपत्रिका असो, जत्रेचं हँडबिल असो की पतसंस्थेचा अहवाल, छपाई संपली की मजकूर मोडावाच लागे. उद्याच्या कामाला तेच खिळे लागायचे. पुढच्या वर्षी त्याच जत्रेचं पत्रक आलं, तर कंपोझिटर पुन्हा पहिल्या अक्षरापासून जुळणीला बसायचा.

पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवण, पळसदेव, इंदापूर या पट्ट्यात आणि शेजारच्या बारामतीत टेबलावरचा संगणक आला, रुळला आणि मोबाइलच्या लाटेत थोडा बाजूलाही सरला. या साधारण पस्तीस वर्षांचा मागोवा घेताना कोणती आवृत्ती कधी आली, एवढं सांगून भागत नाही. कसोटी एकच लावायला हवी. एकदा केलेलं काम पुन्हा कामी येऊ लागलं का? ज्यांचं आलं, त्यांना संगणकाने खरं बळ दिलं. ज्यांचं आलं नाही, त्यांच्याकडे महागडा टाइपरायटर आला.

मराठी संगणकावर आणण्याचं मोठं काम आपल्याच पुणे जिल्ह्यात झालं. भारतीय लिप्यांसाठी आयआयटी कानपूरमध्ये विकसित झालेलं ‘जिस्ट’ तंत्रज्ञान मोहन तांबे यांनी पुण्यात, १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये पुढे नेलं. जिस्टचं कार्ड पीसीच्या आत बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटायची. १९९१ मध्ये ‘इस्की’ ही भारतीय लिप्यांची संकेतप्रणाली अधिकृत भारतीय मानक झाली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. तिच्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावरच बेतलेली होती. म्हणजे मराठी मजकूर टिकाऊ पद्धतीने साठवायचा रस्ता तेव्हाच आखला गेला होता. आपण त्या रस्त्याला लागलो मात्र बऱ्याच उशिरा.

मधल्या काळात राज्य होतं डीटीपीचं. आल्डस कंपनीचं पेजमेकर १९८५ मध्ये आलं, कोरलड्रॉ १९८९ मध्ये. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, बंगळुरूहून आलेली आकृती यांनी मराठी फाँट पुरवले. तालुक्याच्या बाजारपेठेत ‘डीटीपी, झेरॉक्स, लॅमिनेशन’ अशा पाट्या लागल्या. खिळ्यांचा घाम गेला. मागच्या वर्षीची फाइल उघडायची, तारीख बदलायची, पाहुण्यांची नावं बदलायची की पत्रक तयार. काम पुन्हा कामी येऊ लागलं, त्याची ही पहिली पायरी.

पण या पायरीखाली पोकळी होती. त्या फाँटमध्ये मराठी आकार रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेले असत. पडद्यावर ‘पळसनाथ’ दिसे, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची एक निरर्थक ओळ असे. तीच फाइल पेन ड्राइव्हवर घालून दुसऱ्या गावच्या दुकानात उघडली आणि तिथे तोच फाँट नसला, की पानभर कंस, टिंबं आणि डॉलरची चिन्हं. शोध घेता येत नसे, नावांची अकारविल्हे यादी करता येत नसे.

यावर धंद्याने काढलेली तोड आजही चालते. ‘कर्व्ह करून पाठव.’ कोरलमध्ये मजकूर निवडून त्याचं वक्ररेषांत रूपांतर केलं, की अक्षरांची चित्रं होतात आणि फाइल कुठल्याही संगणकावर जशीच्या तशी छापली जाते. छपाईपुरता हा उपाय उत्तम. पण कर्व्ह झालेल्या मजकुरातली वेलांटीही नंतर टाइप करून सुधारता येत नाही. जाणत्या ऑपरेटरने म्हणूनच दोन फाइली ठेवण्याची सवय लावून घेतली, एक मजकुराची आणि एक कर्व्हची. ज्यांनी जागा वाचवायला पहिली पुसली, त्यांच्या कित्येक वर्षांच्या स्मरणिका आणि कार्यअहवाल आज चित्रांच्या रूपात अडकून पडले आहेत.

पेजमेकरमध्ये तेव्हाही ‘स्टाइल’ होत्या, ‘मास्टर पेज’ होतं. मथळा, उपमथळा, मजकूर यांचं वळण एकदा ठरवून ठेवलं, की साठ पानांच्या अहवालातले सगळे मथळे एका बदलात मोठे किंवा लहान करता येत. पान क्रमांक आणि संस्थेचं नाव मास्टर पेजवर एकदाच टाकायचं. हे सगळं विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या आतच होतं. तरीही पुष्कळ ठिकाणी प्रत्येक मथळा हाताने निवडून ठळक केला जाई. गिऱ्हाईक डोक्यावर उभं, त्यात तासन्‌तास भारनियमन. शिकायला उसंत कुठून मिळणार? यात ऑपरेटरला दोष देण्यासारखं काही नाही. आपल्याकडे सॉफ्टवेअर पोहोचलं, ते शिकवणारा माणूस पोहोचला नाही.

शिकवणीची पहिली मोठी लाट एमएस-सीआयटीने आणली. २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झालं आणि पाठोपाठ गावोगावी अभ्यासकेंद्रं उघडली. सरकारी नोकरीसाठी प्रमाणपत्र लागू लागलं, तशी शेतकऱ्यांच्या मुला-मुलींची बोटं पहिल्यांदा कीबोर्डवर पडली. माउस धरण्याची भीती गेली, ही या अभ्यासक्रमाची फार मोठी कामगिरी. पण अनेकांसाठी शिक्षण प्रमाणपत्राशी संपलं. वर्ड म्हणजे अर्ज आणि एक्सेल म्हणजे रेघा मारलेला कागद, एवढीच ओळख राहिली.

त्या ओळखीच्या पुढे एक पाऊल टाकलं तर काय होतं, हे विकास सोसायटीच्या वार्षिक सभेच्या नोटिशीवरून पाहावं. पाचशे सभासद असतील तर पाचशे नावं हाताने लिहायची, ही जुनी रीत. एक्सेलमध्ये सभासद क्रमांक, नाव, वाडी, भागभांडवल असे स्तंभ करायचे, वर्डमध्ये नोटीस एकदाच लिहायची आणि ‘मेल मर्ज’ने दोन्ही जोडायचे. प्रत्येकाचं नाव आणि त्याची रक्कम घातलेल्या पाचशे नोटिसा दुपारच्या आत छापून होतात. पुढच्या वर्षी फक्त यादी दुरुस्त करायची. त्याच यादीतून लाभांशाच्या पावत्या निघतात, पाकिटांवरचे पत्ते निघतात.

डाळिंबाच्या हिशेबाचंही तसंच. बहुतेक जण दर महिन्याला नवं शीट काढतात, मथळ्यांचे चौकोन एकत्र जोडतात आणि मध्येच बेरजेची ओळ घुसवतात. कागदावर ते देखणं दिसतं, पण वर्षअखेर ‘कोणत्या प्लॉटला फवारणीचा किती खर्च आला’ हे विचारलं की उत्तर मिळत नाही. त्याऐवजी एकच लांब तक्ता ठेवावा. एका खर्चाला एक ओळ. स्तंभ चारच: तारीख, प्लॉट, बाब, रक्कम. बेरीज त्या तक्त्यात करायचीच नाही, ती ‘पिव्होट टेबल’वर सोडायची. मग प्लॉटवार, महिनावार, बाबवार, हवा तसा हिशेब मिळतो. कर्जाचं प्रकरण करताना, जमीन खंडाने देताना, पुढचा बहार धरायचा की नाही हे ठरवताना हाच तक्ता कामी येतो. लिब्रेऑफिसमध्ये हे सारं फुकट होतं, त्यासाठी पैसे मोजायची गरज नाही.

युनिकोडचा काळ आपल्याकडे खऱ्या अर्थाने विंडोज २००० आणि एक्सपीबरोबर सुरू झाला. त्यांच्यासोबत आलेला ‘मंगल’ फाँट सुलेखनकार र. कृ. जोशी यांच्या हातचा. आता मराठी मजकूर संगणकाच्या लेखीही मराठीच राहू लागला. तो शोधता येई, क्रमाने लावता येई, ईमेलने पाठवता येई. तलाठ्याच्या बस्त्यातला सातबारा संगणकावर आला आणि १ मे २०१८ पासून डिजिटल सहीचा उतारा मिळू लागला. असा मजकूर जुन्या फाँटच्या भरवशावर साऱ्या राज्याला एकाच रूपात दाखवता आला नसता.

डीटीपीच्या दुकानात मात्र दोन जगं शेजारी शेजारी नांदत राहिली. पेजमेकरला युनिकोड कधीच आलं नाही. २००१ ची सातवी आवृत्ती हीच त्याची शेवटची. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर युनिकोडमध्ये मजकूर पाठवतं, ऑपरेटर तो कन्व्हर्टरमधून जुन्या फाँटमध्ये नेतो, आणि वाटेत एखादी वेलांटी सुटते, एखादं जोडाक्षर फुटतं. मराठीचा ‘ऱ्य’ तर हमखास अडकतो. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून ‘जे’ दाबलं की नुक्त्याचा ‘ऱ’ येतो. त्यापुढे हलन्त आणि ‘य’ दिला की ‘पायऱ्या’ नीट उमटतात. साधा ‘र’ दिला तर रफार चढतो आणि शब्द बिघडतो. इतक्या बारीक गोष्टीही कोणीतरी शेजारी बसून दाखवल्याशिवाय कळत नाहीत.

आज ही दुभंगलेली अवस्था संपवता येते. इनडिझाइन, नवं कोरल, तसंच स्क्रायबस आणि इंकस्केप ही मोफत सॉफ्टवेअरं युनिकोड मराठी नीट जुळवतात. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बलू यांसारखे देखणे फाँट खुल्या परवान्यावर मिळतात. ते चोरून वापरावे लागत नाहीत. चित्रांत अडकलेल्या जुन्या पानांसाठी टेसरॅक्टसारखं मोफत ओसीआर आहे. स्वच्छ छापलेलं पान तीनशे डीपीआयला स्कॅन करून त्याला मराठी भाषा सांगितली, की ते पानाचा मजकूर काढून देतं. चुका राहतात, मुद्रितशोधन करावं लागतं. तरीही अख्खं पुस्तक पुन्हा टाइप करण्यापेक्षा हे कष्ट पुष्कळ कमी.

सर्जनशील कामाचा विचार केला, तर याच कसोटीवर उतरलेलं एक मोठं मराठी काम डोळ्यांपुढे येतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्या एक लाखाहून अधिक भरल्या. नव्वदच्या दशकात संगणकीय संगीतशास्त्राचे अभ्यासक बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले. ओव्यांचा डेटाबेस बांधला गेला, गळ्यातले आवाज ध्वनिमुद्रित झाले. म्हणूनच २०१७ पासून पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया म्हणजेच ‘पारी’ला त्या ओव्या जगापुढे ठेवता आल्या. नुसत्या वहीत राहिल्या असत्या तर त्या थोड्याच अभ्यासकांपर्यंत पोहोचल्या असत्या. तक्त्यात बसवल्यामुळे आज एखादी मुलगी आपल्या गावच्या ओव्या शोधू शकते.

पळसदेवला अशा कामाची निकड आहे. उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. गाव वर सरकलं, पळसनाथाचं प्राचीन देऊळ मात्र जलाशयातच राहिलं. सुमारे ११७ टीएमसीच्या या धरणातला अर्ध्याहून अधिक साठा मृत साठ्यात मोडतो. उन्हाळ्यात पाणी त्या साठ्यात उतरलं, म्हणजे पातळी ‘उणे’त खोल गेली, की देऊळ दिसू लागतं. २०२४ च्या मे महिन्यात धरण उणे पन्नास टक्क्यांच्याही खाली उतरलं आणि बघ्यांची रीघ लागली. हजारो फोटो काढले गेले, आणि त्यांतले बहुतेक मोबाइलमध्येच विरून गेले.

त्यातलेच शे-दोनशे फोटो ठरवून काढले असते तर? देवळाभोवती संथ फेरी मारत, लगतच्या दोन फोटोंत निम्म्याहून जास्त भाग सारखा येईल असे फोटो घ्यायचे आणि मेशरूमसारख्या मोफत सॉफ्टवेअरला द्यायचे. ते त्यांतून शिखराची त्रिमिती प्रतिकृती उभी करतं. त्यासाठी चांगलं ग्राफिक्स कार्ड असलेला डेस्कटॉप लागतो, मोबाइलचं ते काम नाही. देवळाच्या परिसरातल्या वीरगळांचे फोटो तिरप्या उन्हात घ्यायचे, मूळ फाइलला हात न लावता गिंपमध्ये वेगळ्या लेयरवर उजेड-अंधार सुधारायचा, म्हणजे झिजलेलं कोरीव काम वाचता येतं.

आणि माणसं? जुन्या गावात वेस कुठे होती, बाजार कुठे भरायचा, नदीचा उतार कोणता, हे सांगणारी, त्या वेळी विशीत असलेली माणसं आज पासष्टीच्या पुढे गेली आहेत. त्यांना बोलतं करायला साधा माइक आणि ऑडॅसिटी पुरेसं आहे. मुलाखत सुरू करण्याआधी दहा सेकंद कोणीच बोलायचं नाही. त्या शांततेतली पंख्याची घरघर सॉफ्टवेअरला नमुना म्हणून दाखवली, की पुढच्या सगळ्या बोलण्यातून ती कमी करता येते. मूळ ध्वनिमुद्रण वेव्ह फाइलमध्ये जसंच्या तसं ठेवायचं, सफाई केलेली प्रत वेगळी. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग विषय. सगळ्याच्या दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. लिखित मजकूर युनिकोडमध्येच.

या कामाला लागणारं कोणतंही सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. एमएस-सीआयटी झालेली पोरं-पोरी गावात आहेत. बारामतीला १९७२ पासून विद्या प्रतिष्ठानसारखी संस्था आहे, तिच्या आवारात संगणक शिकणारे विद्यार्थी आहेत. शाळा, ग्रामपंचायत आणि एखादा जाणता डीटीपीवाला एकत्र बसले, तर एका उन्हाळ्यात जुन्या पळसदेवचा नकाशा, आवाज आणि चित्रं एका फोल्डरमध्ये येतील. त्यातून शाळेचा पाठ होईल, जत्रेची स्मरणिका होईल, अभ्यासकाला साधन मिळेल. पुढच्या वेळी पाणी उतरेल तेव्हा हे काम सुरू झालेलं असावं, आणि माणसांच्या मुलाखतींसाठी तर तेवढीही वाट पाहू नये.