तलावाकाठी दीपगृह कशाला? एका वादळाने शिकवला धडा

दीपगृह म्हटलं की समुद्र आठवतो. पण अमेरिकेतलं लेक सुपीरियर हे गोड्या पाण्याचं सरोवरच ८२ हजार चौरस किलोमीटरचं आहे. त्यातून लोहखनिजाची मोठी जहाजं चालतात आणि वादळात लाटाही समुद्रासारख्याच उठतात.

२८ नोव्हेंबर १९०५ ला असंच वादळ आलं. २९ जहाजांचं नुकसान झालं, त्यातली दोन स्प्लिट रॉकजवळच्या खडकाळ किनाऱ्यावर आपटली. डुलुथ बंदराच्या तोंडाशी 'माताफा' हे जहाज फुटलं. काठावर हजारो लोक बघत होते, पण मदत पोहोचेना. एका रात्रीत ९ खलाशी गारठून मेले.

त्यानंतर जहाज कंपन्यांनी सरकारकडे दीपगृहाची मागणी लावून धरली. स्प्लिट रॉकच्या सुमारे ४० मीटर उंच कड्यावर जागा ठरली. तिथे जायला रस्ताच नव्हता. सगळं सामान बोटीने आणून यारीने वर ओढलं.

३१ जुलै १९१० ला दिवा लागला. दिवा रॉकेलचा होता. मोठं भिंग फिरायचं आणि दर १० सेकंदांनी उजेड चमकायचा. भिंग फिरवणाऱ्या यंत्राला घड्याळासारखी चावी द्यावी लागायची, म्हणून रखवालदार रात्रभर जागा. वीज आली १९४० मध्ये.

नवी उपकरणं आली आणि १९६९ ला दीपगृह बंद झालं. पण १० नोव्हेंबर १९७५ ला याच सरोवरात 'एडमंड फिट्झगेराल्ड' जहाज बुडालं, त्यावरचे सगळे २९ जण गेले. आता दरवर्षी त्या दिवशी त्यांची नावं वाचतात, घंटा वाजवतात आणि दिवा पुन्हा लावतात.