क्षेत्रकार्यातील पुनर्भरणीय सेल व त्यांच्या चार्जरची निवड

भाषावैज्ञानिक क्षेत्रकार्याच्या पूर्वतयारीत प्रश्नावली व शब्दसूची यांचा विचार आपण पुष्कळ करतो. ध्वनिमुद्रकात घालावयाच्या सेलांचा विचार मात्र बहुधा निघण्याच्या आदल्या रात्री होतो. बुलढाणा जिल्ह्यातील निहालीसारख्या, बोलणारे थोडेच उरलेल्या भाषेतील एखाद्या वृद्ध निवेदकाची कथा मध्येच तुटली, तर ती त्याच शब्दांत व त्याच ओघात पुन्हा मिळत नाही. म्हणून सेल व चार्जर ही संशोधनाचीच साधने मानून त्यांची निवड कोणत्या तत्त्वांवर करावी, हे येथे थोडक्यात सांगावयाचे आहे.

प्रथम शब्दांविषयी. मराठीत ‘बॅटरी’ हा शब्द सेलालाही लावतात आणि विजेरीलाही. शास्त्रीय परिभाषेत मात्र एकटा तो सेल व अनेक सेलांची जोडणी ती बॅटरी. हा भेद येथे केवळ शाब्दिक नाही. चार्जर एकेका सेलाकडे पाहतो की जोडीकडे, यावरच त्याची योग्यता ठरते.

ज्याला दुकानात ‘पेन्सिल सेल’ म्हणतात, त्या एए आकाराच्या पुनर्भरणीय सेलांत निकेल-मेटल हायड्राइड हा प्रकार सर्वांत रूढ आहे. त्याचा विद्युद्दाब १.२ व्होल्ट असतो. साध्या अल्कलाइन सेलाचा १.५ व्होल्ट. यास्तव ज्या ध्वनिमुद्रकात सेलाचा प्रकार नोंदविण्याची सोय आहे, तेथे तो अचूक नोंदवावा. एरवी उरलेल्या शक्तीचा निर्देशक फसवा ठरतो. जुन्या धर्तीचे हे सेल नुसते पडून राहिले तरी काही आठवड्यांत बरेच रिते होत. सान्यो कंपनीने २००५ साली ‘एनेलूप’ हे सेल बाजारात आणल्यापासून भरण दीर्घकाळ टिकविणारा प्रकार सर्वत्र मिळू लागला. क्षेत्रकार्यासाठी तोच घ्यावा.

आता ‘स्मार्ट’ या विशेषणाचा अर्थ पाहू. भरण पूर्ण होताच सेलाचा विद्युद्दाब वाढावयाचा थांबून किंचित, काही मिलिव्होल्टच, उतरतो. त्याच सुमारास तापमान झपाट्याने चढते, कारण आत येणारी वीज साठावयाची थांबून तिची उष्णता होऊ लागते. हा उतार ओळखून जो भरण थांबवितो तो खरा स्मार्ट चार्जर. केवळ ठरावीक तास मोजणारा चार्जर अर्धवट रित्या सेलालाही पूर्ण वेळ वीज देत राहतो.

दुसरी कसोटी स्वतंत्र मार्गांची. काही चार्जर दोन-दोन सेल एकत्रच भरतात. त्यांतील एक आधी भरला, तर दुसऱ्यासाठी त्यालाही तापत राहावे लागते. प्रत्येक सेलाला स्वतंत्र मार्ग असलेला, म्हणजे एक किंवा तीन सेलही भरू शकणारा, चार्जर निवडावा.

तिसरी कसोटी प्रवाहाची. २००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या सेलाला सुमारे १००० मिलिअँपिअर प्रवाह योग्य होय. भरण दोन तासांहून थोड्या अधिक वेळात होते. प्रवाह फारच मंद असेल तर वर सांगितलेला उतार अस्पष्ट होऊन चार्जरच्या नजरेतून निसटू शकतो; फार प्रबळ असेल तर सेल तापून त्याचे आयुष्य घटते.

चौथी कसोटी मापनाची, आणि आपल्या दृष्टीने हीच सर्वांत मोलाची. सेल पूर्ण भरून, पुन्हा रिता करून त्याची प्रत्यक्ष क्षमता अंकांत दाखविणारे चार्जर मिळतात. समजा, दोन सेलांवर चालणारा ध्वनिमुद्रक ३०० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. २००० क्षमतेची जोडी त्याला साडेसहा तास चालवील. तीतील एकाच सेलाची क्षमता १२०० वर आली असेल, तर सारे काम चार तासांत थांबेल. कारण एकामागे एक जोडलेल्या सेलांत दुर्बळाचीच मर्यादा साऱ्यांना लागू पडते. म्हणून सेलांवर क्रमांक घालावेत, मोजलेली क्षमता वहीत नोंदवावी आणि समान क्षमतेच्या जोड्या लावाव्यात.

एक इशारा आवश्यक आहे. १४५०० या क्रमांकाचे लिथियम-आयन सेल आकाराने जवळजवळ एए सारखेच, पण ३.७ व्होल्टचे असतात. ते ध्वनिमुद्रकात घालू नयेत, आणि केवळ निकेल-सेलांसाठी असलेल्या चार्जरमध्ये तर कदापि नाही. साधे अल्कलाइन सेलही भरावयाचे नसतात.

जेथे विजेचा भरवसा नाही, तेथे ५ व्होल्टच्या यूएसबी जोडणीवर चालणारा चार्जर सोयीचा. तो पॉवर बँकेवरही चालतो. तथापि कितीही चांगला चार्जर असला तरी, भरलेली व मोजलेली एक जादा जोडी पिशवीत असावी. निवेदक बोलू लागल्यावर सेल बदलता येतात; भरत बसता येत नाहीत.