बटणे हरवलेले वाद्य

तंबोऱ्याच्या तारा सुरात लागल्या, तरी गवयाचे समाधान होत नाही. घोडीवर, तारेखाली, तो सुताचा एक धागा हळूहळू सरकवीत राहतो. धागा केसभर पुढे-मागे झाला की तारेचा बोल पालटतो. आणि नेमकी जागा सापडली की तीच तार गाऊ लागते. ही जागा आकड्यांत सांगता येत नाही. ती बोटाला कळते आणि कानाला पटते. सिंथेसायझर नावाच्या विद्युत्-वाद्यात जवळपास असेच काम फिरवायची बटणे करीत असतात. ती काढून घेतली की वाद्य पुष्कळ स्वस्त होते. मात्र त्यांच्याबरोबर आणखी काय निघून जाते, हे समजण्यासाठी प्रथम त्या वाद्याची रचना पाहिली पाहिजे.

सिंथेसायझरमध्ये ना तार असते, ना भाता. विजेच्या प्रवाहाला नियमित आंदोलने दिली जातात आणि ध्वनिक्षेपकातून त्यांचा नाद होतो. हा मूळ नाद कर्कश असतो, कारण त्यात मुख्य स्वराबरोबर असंख्य उपस्वर मिसळलेले असतात. पुढे तो फिल्टरमधून, म्हणजे नादाच्या गाळणीतून जातो. वरचे उपस्वर जितके गाळावेत तितका नाद मऊ आणि घुमारदार होतो. शेवटी तो स्वर एकदम उमटावा की हलकेच वर यावा, लगेच विरावा की रेंगाळावा, हे ठरविले जाते. उगम, गाळणी आणि उठाव अशा ह्या तीन पायऱ्या होत. प्रत्येक पायरीवर अनेक निर्णय असतात आणि जुन्या वाद्यांत अशा जवळजवळ प्रत्येक निर्णयाला स्वतंत्र बटण असे.

अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये अशा यंत्राचा पहिला नमुना तयार केला. ही आरंभीची यंत्रे कपाटाएवढी मोठी असत. त्यांपैकी एक १९६९ मध्ये अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये आले. डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराने ते तेथे उभारून दिले. पुढे १९७० मध्ये मूग यांच्या कारखान्यातून 'मिनीमूग' बाहेर पडले. ते उचलून नेता येई, पण एका वेळी एकच स्वर काढी. त्याच्या तोंडावर दोन डझनांहून अधिक फिरती बटणे होती. एका हाताने पट्टी वाजवावी आणि दुसऱ्याने गाळणीचे बटण फिरवावे, अशी त्याच्या वादनाची रीतच पडली. मात्र त्यात एक अडचण होती. मनासारखा नाद एकदा मोडला की तो पुन्हा जुळविण्यासाठी सगळ्या बटणांच्या जागा कागदावर टिपून ठेवाव्या लागत.

ही अडचण १९७८ मध्ये 'प्रॉफेट-५' या वाद्याने दूर केली. त्यात सूक्ष्म संगणक होता आणि जमविलेला नाद तो स्मरणात ठेवी. एक कळ दाबली की कालचा नाद आज जसाच्या तसा हजर होई. पण ह्याच सोयीत बटणांच्या अस्ताचे बीज होते. स्मरणातून नाद आला की बटण एकीकडे वळलेले आणि नाद भलताच, अशी विसंगती उत्पन्न होऊ लागली. शिवाय प्रत्येक बटणामागे एक सुटा भाग, पत्र्यातले एक छिद्र, जोडणीचे श्रम आणि तोंडावरची जागा एवढा खर्च असतो. नाद जर आकड्यांतच साठवायचा, तर आकडे बदलायला दोन-चार कळा पुरेत, असा हिशेब कारखानदारांनी मांडला.

यामाहा कंपनीचे १९८३ सालचे 'डीएक्स-७' हा त्या हिशेबाचा पहिला मोठा विजय. त्याच्या तोंडावर सपाट कळांच्या रांगा आणि आकडे बदलण्यासाठी एक सरकता दांडा होता. एका नादाचे शंभराहून अधिक घटक एकेक करून त्या इवल्या पडद्यावर बोलवावे लागत. परिणामी बहुसंख्य वादकांनी कारखान्याने भरून दिलेले नादच वापरले. त्याच वर्षी मिडी ही संकेतपद्धती आली. एका वाद्याच्या पट्टीने दुसरे वाद्य तारेमार्फत वाजविता येऊ लागले, आणि पट्टीही नको, बटणेही नकोत, अशी नुसती पेटी विकणे शक्य झाले.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आलेले ओबरहाइमचे 'मॅट्रिक्स-१०००' ही अशीच एक पेटी. आत जुन्या धर्तीचे खरेखुरे विद्युत्-मंडल, एका वेळी सहा स्वर. बाहेर मात्र केवळ आकड्यांच्या कळा. नाद १०००, त्यांपैकी ८०० कायमचे कोरलेले आणि २०० बदलता येण्याजोगे, पण तो बदलही बाहेरून संगणक जोडूनच करावयाचा. १९९३ मधील इम्यूच्या 'व्हिंटेज कीज'ने आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यात जुने मंडलही नव्हते. मिनीमूग, हॅमंड ऑर्गन आदी वाद्यांच्या नादांचे नमुने तेवढे भरले होते.

ह्या पेट्यांनी उपकार केला नाही असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. ज्यांना ती जुनी, महागडी वाद्ये दुकानाच्या काचेतूनच दिसत, त्यांच्या हाती निदान त्यांचा नाद आला. तथापि नाद निवडणे वेगळे आणि नाद घडविणे वेगळे. रोलँड कंपनीने आपल्या 'जेएक्स-८पी'साठी 'पीजी-८००' नावाची नियंत्रणांची जोडपेटी निराळी विकली; वाद्यातून काढलेला हात असा वेगळ्या किमतीला परत मिळू लागला.

हाताचे मोल किती असते, ह्याची साक्ष रोलँडच्याच 'टीबी-३०३' या छोट्या यंत्राने दिली. गिटारवाल्याला खर्जाच्या स्वरांची साथ देण्यासाठी ते केले होते. मुंबईचे वादक चरणजितसिंग यांनी १९८२ मध्ये त्याच्याच साथीने भूपाळी, तोडी, मालकंस असे दहा राग ध्वनिमुद्रित केले. बाजारात मात्र ते यंत्र पडले आणि १९८४ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. मग ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले. शिकागोतील तरुणांनी ते घेतले आणि स्वरावली चालू असतानाच त्याच्या गाळणीची बटणे फिरवीत राहिले. 'फ्यूचर' या मंडळींचे १९८७ सालचे 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' हे त्याचे फळ होय. त्यातून नृत्यसंगीताचा एक नवा प्रकारच जन्मास आला. तो नाद कोणत्याही कारखान्याने भरून दिलेला नव्हता. बटणे नसती तर तो सापडलाही नसता.

उत्पादकांनाही हे उमगले. १९९५ मध्ये स्वीडनच्या 'नॉर्ड लीड'ने संगणकाच्या गणितावर चालणारा नाद आणि बटणांनी भरलेले तोंड यांची सांगड घातली. २०१८ मध्ये बेरिंगर कंपनीने मिनीमूगच्या धर्तीची, सर्व बटणांसह असलेली पेटी सुमारे ३०० डॉलरला बाजारात आणली. स्वस्ताई हवी तर बटणे सोडा, हा जुना सौदा त्यामुळे अपरिहार्य राहिला नाही.

बटणे नसलेल्या पेट्या आजही जुन्या बाजारातून घरोघर जातात आणि गरजूंना सुरेल साथ देतात. मात्र नवशिक्याने त्यांवर थांबू नये. संगणक जोडून का होईना, तयार नादाची घडी त्याने एकदा उलगडून पाहावी: गाळणी किती उघडली आहे, उठाव किती हळू आहे, हे कानाने ताडून पाहावे. हजार नादांतून एक निवडणारा चोखंदळ ग्राहक असतो. त्या एका नादाला आपल्या मनाप्रमाणे केसभर हलविणारा वादक होऊ लागतो.